‘कॅनॉट रिप्रोड्यूस’ म्हणून इश्यू बंद केला, आता पुढे काय?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं झालंय की तुम्ही दुकानाची बिलं बनवायला एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरता, त्यातून पीडीएफ काढली की मराठी अक्षरं तुटतात, तुम्ही त्या प्रोजेक्टकडे इश्यू, म्हणजे तक्रार, टाकला, सात आठवडे कोणी ढुंकून बघितलं नाही, मग एकाने ‘कॅनॉट रिप्रोड्यूस’, म्हणजे आमच्याकडे तसं घडत नाही, एवढंच लिहून तो बंद केला, तुम्ही चिडून चार ओळी लिहिल्या आणि त्यांनी इश्यू लॉकच करून टाकला. आणि तुम्ही विचारताय की फुकट मिळतंय म्हणून हे ऐकून घ्यायचं का, आणि यापुढे बग रिपोर्ट करण्यात काही अर्थ आहे का.

अर्थ आहे, आणि तुमचा बग खराच असणार याची मला जवळजवळ खात्री आहे. पण तो ज्या पद्धतीने तुम्ही सांगितलात त्यात समोरच्याला काही करता येण्यासारखं नव्हतं, आणि ज्या पद्धतीने त्याने बंद केला तीही चूकच होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

माझं सांगतो, म्हणजे हे कुठून बोलतोय ते कळेल. गेली सतरा वर्षं मी पुण्यात सपोर्टचं काम करतो, म्हणजे गिऱ्हाइकाची तक्रार ऐकायची आणि डेव्हलपरला तिच्यावर काम करता येईल अशी करून द्यायची. आणि रात्री घरी एक छोटं मराठी शुद्धलेखन तपासायचं ओपन सोर्स टूल सांभाळतो, एकटाच. त्यामुळे रिपोर्ट टाकणाऱ्याचा वैताग रोज बघतो आणि तो रिपोर्ट उघडून बसणाऱ्याचाही.

आधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात त्या सांगून टाकतो. तुम्ही पैसे भरून सपोर्ट घेतला असेल तर मी खाली लिहितोय त्यातलं निम्मं लागू नाही, तिथे माहिती खणून काढणं हे त्यांचं काम आहे आणि तुम्ही हक्काने फोन करा. मोठ्या प्रोजेक्टमध्ये आलेले इश्यू चाळायला, म्हणजे ज्याला ट्रायज म्हणतात त्याला, वेगळी माणसं असतात, आणि बंद करणारा माणूस कोड लिहिणारा नसतोही. तुम्ही सांगितलेला प्रोजेक्ट दोन-तीन माणसं फावल्या वेळात चालवतात असा दिसतोय. तिथे सात आठवडे हा काही अपमान नव्हे, तिथल्या माणसाला सात आठवड्यांत मोकळे रविवार सात मिळतात आणि त्यातले चार घरच्या कामात जातात.

आता तुमचा रिपोर्ट. तुम्ही मूळ मजकूर जसाच्या तसा दिलात हे फार बरं केलंत. ‘मराठी सपोर्ट पूर्ण तुटलेला आहे. पीडीएफमध्ये सगळी अक्षरं फुटतात. हा युनिकोडचा बग आहे. लवकर दुरुस्त करा, शेकडो दुकानदार वापरतात.’ यात चार वाक्यं आहेत आणि तुमच्या डोळ्यांनी स्क्रीनवर नेमकं काय दिसलं हे त्यातल्या एकातही नाही. ‘तुटतात’ म्हणजे काय? मला मराठी येतं, मी देवनागरीचे बग वर्षानुवर्षं बघतोय, तरी मला या शब्दावरून कळत नाही, कारण ‘तुटणं’ पाच प्रकारचं असतं आणि पाचांची मुळं वेगवेगळ्या ठिकाणी असतात.

पहिला प्रकार, बिलावर ‘पिन कोड’ लिहिलंय आणि पीडीएफमध्ये ते ‘पनि कोड’ असं वाचलं जातंय. म्हणजे ऱ्हस्व वेलांटी आपल्या जागी सरकलीच नाही. संगणकात ‘पि’ हा आधी प आणि मग वेलांटी असा साठवलेला असतो, दाखवताना ती वेलांटी उचलून प च्या आधी नेऊन ठेवावी लागते, या कामाला शेपिंग म्हणतात आणि हार्फबझसारखी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड, ते करते. पीडीएफ बनवणाऱ्या बऱ्याच लायब्रऱ्या अक्षरं नुसती एकापुढे एक मांडत जातात, शेपिंग करतच नाहीत. हा दोष खरा आणि मोठा, आणि तो सॉफ्टवेअरकडेच. दुसरा प्रकार, वेलांटी जागेवर आहे पण ‘विठ्ठल’मध्ये ठ खाली ठ न येता मध्ये हलन्त दिसतो. हा बहुतेक वेळा फाँटचा मामला असतो, काही फाँट मुद्दामच तसं दाखवतात, तो दोष म्हणायचा की नाही यावरही दुमत आहे. तिसरा, नुसते चौकोन दिसतात, म्हणजे त्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. चौथा, मात्रेखाली ठिपक्यांचं वर्तुळ येतं, म्हणजे व्यंजन एका तुकड्यात आणि त्याची मात्रा दुसऱ्या तुकड्यात गेलीय, हे शब्दाच्या मधेच ठळक केलं किंवा फाँट बदलला की होतं. आणि पाचवा, जो लोक हमखास विसरतात, दिसायला सगळं छान दिसतं पण पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की कचरा येतो. तिथे अक्षराचं चित्र बरोबर आहे पण ते चित्र कुठल्या अक्षराचं आहे हा तक्ता पीडीएफमध्ये चुकलाय.

आता त्या मेंटेनरच्या, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याच्या, जागी बसून बघा. तो मराठी नाही. त्याने तुमचा रिपोर्ट वाचून इंटरनेटवरून कुठला तरी देवनागरी मजकूर उचलला असेल, बिलात टाकला असेल, पीडीएफ काढली असेल आणि बघितली असेल. ‘पनि’ आणि ‘पिन’ यात चूक कुठली हे त्याला दिसणारच नाही. आपल्याला कोणी बर्मी लिपीतली दोन वाक्यं दाखवून यातलं तुटलेलं कुठलं असं विचारलं तर आपण काय सांगणार? त्याला अक्षरं दिसली, चौकोन दिसले नाहीत, ‘कॅनॉट रिप्रोड्यूस’ लिहून तो पुढच्या इश्यूकडे गेला. यात दुष्टपणा नव्हता. मात्र त्याने ‘मी अमुक व्हर्जनवर, अमुक मजकूर घेऊन बघितलं, मला हे असं दिसलं, तुम्हाला काय वेगळं दिसतंय’ एवढं विचारायला हवं होतं, आणि विचारून निदान पंधरा दिवस वाट बघायला हवी होती. त्याने विचारलं असतं तर तुम्ही पाच मिनिटांत फोटो टाकला असता. ती एक ओळ वाचवल्यामुळे तुमची चिडचिड झाली, त्याची चिडचिड झाली आणि बग आहे तिथेच राहिला.

माझं इतक्या वर्षांत झालेलं मत असं की, वापरणाऱ्याने जे बघितलं ते जवळजवळ नेहमी खरं असतं आणि त्याने काढलेलं कारण बहुतेक वेळा चुकलेलं असतं. भांडणं होतात ती इथेच. वापरणारा बघितलेलं सांगत नाही, कारण सांगतो. मेंटेनरला कारण चुकीचं आहे हे वाचताक्षणी कळतं आणि तो त्या कारणाबरोबर बघितलेलंही फेकून देतो. तुमचं ‘हा युनिकोडचा बग आहे’ हे वाक्य तसंच आहे, युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला क्रमांक, ते बिचारं यात कुठेच नाही, आणि ते वाचून समोरच्याचा तुमच्या उरलेल्या तीन वाक्यांवरचाही विश्वास उडाला असणार.

माझ्या टूलवर चार वर्षांपूर्वी एक रिपोर्ट आला, ‘शोध चालत नाही, इंडेक्स खराब झालाय, पुन्हा बांधा.’ मी इंडेक्स, म्हणजे शोधासाठी केलेली शब्दांची सूची, तपासला, पुन्हा बांधला, दोन रविवार घालवले, काही सापडलं नाही. शेवटी त्यांना म्हटलं की साहेब, जो शब्द सापडत नाही तोच मला फाईलमधून पाठवा, टाइप करून नको. शब्द होता ‘दऱ्या’. डोंगरदऱ्यांमधला. फाईल उघडून एकेक अक्षराचा क्रमांक बघितला आणि उलगडा झाला. हा अर्धा ऱ्य संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. आणि दुसरी जुनी तऱ्हा म्हणजे साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं अक्षर, मग य. दोन्ही स्क्रीनवर हुबेहूब सारखे दिसतात. त्यांच्या जुन्या कीबोर्डने दुसरी तऱ्हा लिहिली होती आणि माझा शब्दकोश पहिल्या तऱ्हेचा. माणसाला एक शब्द दिसतोय, मशीनला दोन वेगळे शब्द दिसतायत. इंडेक्स ठणठणीत होता. पण ‘मला हा शब्द दिसतोय आणि शोधल्यावर सापडत नाही’ हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, आणि बग माझाच होता, दोन्ही तऱ्हा एक धरायचं काम माझ्या कोडने करायला हवं होतं. त्यांनी पहिल्या दिवशी तो एक शब्द पाठवला असता, किंवा मी पहिल्या दिवशी मागितला असता, तर दोन रविवार वाचले असते.

निरीक्षण कितीही वेडगळ वाटलं तरी ते खरं असू शकतं याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण उबंटू या लिनक्स सिस्टिमच्या बग यादीतलं आहे, २००८-०९ च्या सुमाराचं. एका माणसाची बायको तक्रार करायची की ओपनऑफिसमधून मंगळवारी प्रिंट निघत नाही. मंगळवारी! त्याने बघितलं, तर खरंच मंगळवारी निघेना. आता असा रिपोर्ट माझ्याकडे आला असता तर मी काय केलं असतं हा विचार मी खूपदा केलाय. कारण असं निघालं की प्रिंटला जाणाऱ्या फाईलच्या सुरुवातीला ती बनवल्याची तारीख असते, आणि फाईल कुठल्या प्रकारची आहे हे ओळखणारा ‘फाईल’ नावाचा एक छोटा प्रोग्राम असतो. त्या प्रोग्रामच्या ओळखखुणांच्या यादीत एर्लांग भाषेच्या एका जुन्या फाईलसाठी मंगळवारची एक अख्खी तारीख खूण म्हणून दिलेली होती, पण ती लिहिताना मधल्या मोकळ्या जागा नीट न लिहिल्यामुळे फक्त पहिली तीन अक्षरं, इंग्रजीतला ‘ट्यू’, एवढीच खूण उरली. मंगळवारी बनलेल्या फाईलमध्ये नेमक्या जागी ती तीन अक्षरं यायची, प्रोग्राम म्हणायचा ही एर्लांगची फाईल, आणि प्रिंटर ती घ्यायचा नाही. ओपनऑफिसचा दोष नाही, प्रिंटरचा नाही. पण त्या बाईंचं निरीक्षण अक्षरशः खरं होतं, आणि त्यांनी ‘कधीकधी प्रिंट निघत नाही’ असं गुळमुळीत न सांगता ‘मंगळवारी’ असं सांगितलं म्हणूनच ते सापडू शकलं. त्यांनी कारण सांगितलं नाही. जे दिसलं ते, कितीही विचित्र असलं तरी, सांगितलं.

आता मेंटेनर म्हणून माझी चूक सांगतो, कारण तुमच्या जागी कोणीतरी माझ्यामुळेही बसलेलं आहे. सोलापूरकडच्या एका प्राथमिक शाळेतल्या बाईंनी लिहिलं होतं, ‘तुमच्या टूलमध्ये ल आणि श चुकीचे येतात, मुलांना दाखवता येत नाहीत.’ मराठीत ल आणि श ची वळणं हिंदीहून वेगळी आहेत हे तुम्हाला माहीत असेल, २००९ च्या शासन निर्णयात वर्णमालेसोबत ती दिलेली आहेत. मी उत्तर दिलं की हा फाँटचा प्रश्न आहे, आमचा नाही, आणि इश्यू बंद केला. वर्षभराने दुसऱ्याच कामासाठी फाँटच्या आत काय असतं ते वाचत होतो तेव्हा कळलं की चांगल्या फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात, आणि मजकूर मराठी आहे असं प्रोग्रामने सांगितलं तरच मराठी वळण लागतं. माझं टूल मजकुराची भाषा सांगतच नव्हतं. एका ओळीची दुरुस्ती होती. बाईंनी फाँट वगैरे काहीच म्हटलं नव्हतं, त्यांनी जे दिसलं तेच लिहिलं होतं, कारण मीच लावलं होतं आणि तेही चुकीचं. मी इश्यू परत उघडला, दुरुस्त केला, माफी मागितली, पण त्या परत कधी आल्या नाहीत. तेव्हापासून मी ‘आमचा प्रश्न नाही’ असं लिहिण्याआधी स्वतः एकदा करून बघतो आणि कुठे जायचं ते सांगितल्याशिवाय बंद करत नाही.

तुम्ही विचाराल की मग मेंटेनर तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल तर? तेही होतं. २०१० मध्ये फेडोरा या लिनक्स सिस्टिमची १४वी आवृत्ती येताना लोकांनी तक्रार केली की फ्लॅश, म्हणजे ब्राउझरमध्ये गाणी-व्हिडिओ चालवणारं तेव्हाचं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या साइटवर गाण्याचा आवाज खरखरतोय. झालं असं होतं की ग्लिबसी या पायाभूत लायब्ररीत मेमरी कॉपी करायचं एक फंक्शन जास्त वेगवान करताना कॉपी करायची दिशा बदलली. सी भाषेचा नियम सांगतो की मूळ आणि नवी जागा एकमेकींवर येत असतील तर हे फंक्शन वापरायचं नाही, त्याला दुसरं आहे. फ्लॅश नियम मोडून तेच वापरत होतं आणि इतकी वर्षं योगायोगाने चालत होतं. ग्लिबसीच्या बाजूने म्हणणं आलं की आमचं नियमाने बरोबर आहे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स स्वतः त्या बगवर येऊन भांडले, त्यांचं म्हणणं साधारण असं की ज्याचा आवाज बिघडला त्याला नियमाशी काय देणंघेणं, कालपर्यंत चालत होतं ते आज तुमच्या बदलाने बंद पडलं. शेवटी ग्लिबसी २.१४ मध्ये असा तोडगा काढला की आधीच बांधलेले जुने प्रोग्राम जुन्यासारखेच चालतील आणि नव्याने बांधलेल्यांना नवं फंक्शन मिळेल. मला यातून एक गोष्ट रोजच्या कामात उपयोगी पडते, ‘आधीच्या व्हर्जनमध्ये चालत होतं, या व्हर्जनपासून बंद पडलं’ हे वाक्य रिपोर्टमध्ये असेल तर तो रिपोर्ट माझ्याकडे लगेच वर जातो, कारण मग मला सगळा कोड नाही, दोन व्हर्जनमधला फरकच बघायचा असतो. तुमच्या सॉफ्टवेअरचं जुनं व्हर्जन मिळत असेल तर हे नक्की करून बघा.

आता तुमचं ‘लवकर दुरुस्त करा, शेकडो दुकानदार वापरतात’. तुम्ही हे वाईट हेतूने लिहिलं नाही हे मला कळतं, आपल्याकडे कुठल्याही ऑफिसात अर्ज असाच लिहावा लागतो, जोर लावल्याशिवाय फाईल हलत नाही. पण फावल्या वेळात काम करणाऱ्या एकट्या माणसावर हा जोर वेगळा लागतो. २०२२ मध्ये एक्सझेड नावाच्या फाईल दाबायच्या सॉफ्टवेअरचा मेंटेनर, लासे कॉलिन, मेलिंग लिस्टवर सांगत होता की मानसिक तब्येतीच्या जुन्या त्रासामुळे वेळ देता येत नाहीये, आणि हा बिनपगारी छंदाचा प्रोजेक्ट आहे. तिकडे काही अकाउंट त्याच्या मागे लागले होते की पॅच, म्हणजे लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या, पडून आहेत, नवा मेंटेनर आणा. पुढे जिया टॅन या नावाच्या माणसाला अधिकार मिळाले, आणि २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये त्याने चोरदरवाजा घातला, जो जगभरच्या सर्व्हरवर पोचायच्या बेतात होता. ती मागे लागणारी माणसंही त्याच कटातली असावीत असं मानलं जातं. म्हणजे ‘वापरणाऱ्यांचा दबाव’ हे हत्यार म्हणून वापरलं गेलं. तुमच्या चार ओळींची तुलना मी त्याच्याशी करत नाही. पण २०२४ नंतर ‘किती दिवस थांबायचं’ हे वाक्य वाचून मेंटेनरच्या मनात काय येतं हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं.

आणि तो चोरदरवाजा सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या पोस्टग्रेस या डेटाबेसच्या डेव्हलपरला दिसलं की आपल्या मशीनवर एसएसएच लॉगिनला, म्हणजे लांबून त्या मशीनमध्ये शिरायला, ०.२९९ सेकंदाच्या ऐवजी ०.८०७ सेकंद लागतायत. अर्ध्या सेकंदाचा फरक. त्याने तो सोडला नाही, मागोवा घेतला, आणि २९ मार्च २०२४ ला सगळं जाहीर लिहिलं, आकडे, व्हर्जन, कुठे होतं, कुठे होत नाही, काय खात्रीने सांगतोय आणि काय नुसता अंदाज आहे, हे वेगळं करून. बग रिपोर्ट कसा असावा असं मला नव्या मुलांनी विचारलं की मी तेच वाचायला देतो.

दुसरीकडे मेंटेनरकडे येणारा गाळही वाढलाय. कर्ल या इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या सॉफ्टवेअरचा डॅनियल स्टेनबर्ग सुरक्षेचे बग शोधणाऱ्यांना बक्षीस द्यायचा, पण एआयकडून लिहून घेतलेले, दिसायला भरभक्कम आणि आत पोकळ असे रिपोर्ट इतके यायला लागले की २०२६ च्या जानेवारीअखेर त्याने ती बक्षीस योजनाच बंद केली. प्रत्येक खोटा रिपोर्ट खोटा आहे हे ठरवायलाही कोणाचे तरी दोन-तीन तास जातात. म्हणून तुमचा रिपोर्ट एआयकडून ‘छान’ करून घेऊ नका, मोडक्या इंग्रजीत लिहा, चालतं. मोडकं इंग्रजी आणि एक फोटो यावर मी आजवर विश्वास ठेवत आलोय आणि फसलेलो नाही.

तर आता तुमच्या बगचं. लॉक झालेल्या इश्यूवर काही करू नका, नवीन अकाउंट काढून तर अजिबातच नको. नवीन इश्यू उघडा, जुन्याची लिंक द्या, आणि सुरुवातीला एकच ओळ लिहा की मागच्या वेळी माहिती अपुरी होती आणि शेवटी मी रागाने लिहिलं, ही पूर्ण माहिती. बस. जास्त खुलासे नकोत.

त्याआधी घरी अर्धा तास लागेल असं काम आहे. एक कोरं बिल करा, त्यात गिऱ्हाइकांची नावं, जीएसटी नंबर, फोन काही ठेवू नका, ही फाईल सगळ्या जगाला दिसणार आहे. त्यात फक्त तीन शब्द टाका, ‘पिन’, ‘विठ्ठल’ आणि ‘दऱ्या’, एकेका ओळीत एकेक. या तीन शब्दांत वेलांटी, जोडाक्षर आणि अर्धा ऱ तिन्ही आले. पीडीएफ काढा आणि ती दोन ठिकाणी उघडा, कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये आणि मोबाइलवर. दोन्हीकडे सारखंच तुटत असेल तर पीडीएफ चुकीची बनलीय, एकीकडेच तुटत असेल तर बहुतेक बघणाऱ्या अ‍ॅपचा घोळ आहे आणि मग इश्यू त्यांच्याकडे टाकायची घाई नको. मग तेच तीन शब्द लिबरऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये त्याच फाँटमध्ये टाकून तिथून पीडीएफ काढा. तिथे बरोबर आली तर फाँट निर्दोष सुटला, आणि मेंटेनरची ‘तुमचा फाँट बघा’ ही पळवाट आधीच बंद झाली. फाँट बदलूनही एकदा करून बघा. शेवटी पीडीएफमधून तिन्ही शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा आणि काय येतं ते टिपून ठेवा.

आणि मग रिपोर्ट साधारण असा लिहा:

‘व्हर्जन अमुक, विंडोज ११, फाँट नोटो सान्स देवनागरी. नवीन बिल उघडलं, वर्णनाच्या रकान्यात पिन, विठ्ठल, दऱ्या हे तीन शब्द टाकले, एक्सपोर्ट पीडीएफ दाबलं. स्क्रीनवर बरोबर दिसतात, फोटो १. पीडीएफमध्ये पहिल्या शब्दातली वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाते, फोटो २ मध्ये लाल गोल केलाय, बरोबर कसं दिसायला हवं ते फोटो ३ मध्ये, हा लिबरऑफिसमधून त्याच फाँटने काढलाय. दोन वेगळ्या पीडीएफ अ‍ॅपमध्ये सारखंच. मूळ बिलाची फाईल आणि दोन्ही पीडीएफ जोडल्यात. लिपी वाचता येत नसेल तर तुम्ही केलेली पीडीएफ मला पाठवा, मी बघून सांगतो.’

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, ते गाळू नका. देवनागरी न वाचणाऱ्या मेंटेनरची खरी अडचण कोड नसते, आपण केलेली दुरुस्ती बरोबर झाली का हे त्याला स्वतःला तपासता येत नाही ही असते, आणि म्हणून असे इश्यू तो पुढे ढकलत राहतो. तपासायला माणूस आहे म्हटलं की तो हात घालतो. माझ्या टूलवर एका बंगाली मुलाने असंच लिहिलं होतं, मला बंगाली येत नाही, पण तीन आठवड्यांत आम्ही दोघांनी मिळून ते काम संपवलं.

टाकून झाल्यावर निदान महिनाभर थांबा, मग एकदाच विचारा, तेही ‘काही झालं का’ असं नको, नवीन व्हर्जनवर पुन्हा करून बघा आणि ‘याही व्हर्जनवर होतंय’ असं लिहा. तुमच्या ओळखीच्या दुकानदारांना तोच त्रास असेल तर त्यांना इश्यूवर ‘मलापण’ लिहायला सांगू नका, प्रत्येक ‘मलापण’ची मेल सगळ्यांना जाते, नुसता अंगठा दाबायला सांगा. ती सोयच मुळात २०१६ मध्ये शेकडो मेंटेनरांनी गिटहबला, म्हणजे असे प्रोजेक्ट आणि त्यांचे इश्यू जिथे ठेवतात त्या साइटला, उघडं पत्र लिहिल्यावर आली. आणि एवढं करूनही त्यांनी ‘हे आम्ही करणार नाही’ असं स्पष्ट सांगितलं तर ते मान्य करा, तो त्यांचा अधिकार आहे. मग लिबरऑफिसमध्ये बिलाचा साचा करून तिथून पीडीएफ काढायची हा तुमचा चालू मार्ग, गैरसोयीचा आहे पण बिलं थांबणार नाहीत.

तीन शब्दांची ती पीडीएफ इथेच खाली चिकटवलीत तरी चालेल, फाँटचं नाव आणि व्हर्जन तेवढं लिहा. शनिवारी मी माझ्याकडे तेच सॉफ्टवेअर टाकून करून बघतो, आणि मला दिसलं तर तुमच्या नव्या इश्यूवर तसं लिहितो.